दुरून शिकवण्याची साधने : ऐकण्याची आणि करण्याची

पदवीच्या पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाला आज इंटरनेटवर फुकट काय काय मिळते, याची नुसती नावे लिहायची म्हटली तरी वहीचे पान पुरत नाही. एनपीटेल, स्वयम्, स्वयम् प्रभा, ई-पीजी पाठशाला, राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, व्हर्च्युअल लॅब्ज, स्पोकन ट्यूटोरियल आणि वर परदेशी विद्यापीठांची साधने. २०२० च्या मार्चमध्ये महाविद्यालये बंद झाली तेव्हा अशा याद्या सगळीकडून आल्या. परिपत्रकांतून आल्या, वर्तमानपत्रांतून आल्या, मोबाइलवर तर दिवसातून चार-चार वेळा आल्या. परीक्षण मात्र क्वचितच वाचायला मिळाले. आपल्याकडे नाटकाचे परीक्षण होते, कादंबरीचे होते. पण ज्या साधनावर एका अख्ख्या वर्गाचे सत्र सोपवायचे, ते कसे आहे हे कोणी तपासून सांगत नाही. ते काम या लेखात थोडेफार करून पाहायचे आहे.

कोठे उभे राहून पाहतो त्यावर काय दिसते ते ठरते, म्हणून ठिकाण आधीच सांगतो. ठिकाण छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ पर्यंतचे औरंगाबाद. येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा कारभार चार जिल्ह्यांत पसरलेला आहे. शहरातल्या महाविद्यालयात नाव घातलेला मुलगा कन्नडचा असतो, सोयगावचा असतो, अंबडचाही असतो. महाविद्यालय बंद झाले की तो गावी जातो, आणि त्याचा प्राध्यापक पाहता पाहता दूरशिक्षणाचा प्राध्यापक होतो. हा मुलगा बारावीपर्यंत आपल्याच शाळांतून शिकलेला असतो. त्यामुळे पुढचा मजकूर महाविद्यालयांचा असला तरी शाळेच्या शिक्षकांना परका वाटू नये.

परीक्षणाला कसोटी हवी. दूरशिक्षणाचे अमेरिकेतील अभ्यासक मायकेल मूर यांनी १९७० च्या दशकापासून एक विचार मांडला, तो येथे फार उपयोगाचा आहे. त्यांचे म्हणणे असे की शिक्षणातले अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे नसते. शिकवणारा आणि शिकणारा यांच्यात संवाद किती होतो आणि अभ्यासक्रमाची चौकट किती ताठ आहे, यावर हे अंतर ठरते. दीडशे मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेला मुलगा शिक्षकापासून पंधरा मीटरवर असूनही दूर असू शकतो, आणि पत्राने शंका विचारणारा शंभर किलोमीटरवरचा मुलगा जवळ असू शकतो. मग साधनाला विचारायचे प्रश्न दोनच उरतात. हे साधन विद्यार्थ्याकडून काय करवून घेते? आणि विद्यार्थ्याच्या डोक्यात काय चालले आहे, ते शिक्षकाला कळू देते का?

या कसोटीवर आपली सर्वांत मोठी साधने सर्वांत उणी ठरतात. त्याला इतिहास आहे. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर देशव्यापी वर्ग सुरू केला. पुणे विद्यापीठात त्याच काळात शैक्षणिक चित्रफिती तयार करणारे केंद्र उभे राहिले आणि तेथे चांगल्या चित्रफिती झाल्या. पण कार्यक्रम इंग्रजीत, वेळ ठरलेली, आणि पडद्यातल्या माणसाला प्रश्न विचारायची सोय नाही. तंत्रज्ञानाचीच मर्यादा असल्यामुळे दोष कोणाला देणार? २००३ मध्ये आयआयटी आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटेल सुरू केले तेव्हा वेळेची मर्यादा गेली. व्याख्यान हवे तेव्हा, हवे तितक्यांदा पाहता येऊ लागले. २०१७ मध्ये स्वयम् आले. त्यात प्रत्येक अभ्यासक्रमाला चार अंगे असावीत असे ठरले : चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चेचे व्यासपीठ. कागदावर ही रचना उत्तम आहे. प्रत्यक्षात पहिले अंग हत्तीएवढे आणि चौथे मुंगीएवढे राहते. देशव्यापी वर्गाच्या वेळी संवाद शक्य नव्हता. आता शक्य आहे, पण मुख्य वजन अजून व्याख्यानावरच आहे.

एनपीटेलच्या व्याख्यानांची विद्वत्ता मोठी आहे, यात शंका नाही. प्राध्यापकाने स्वतःच्या तयारीसाठी ती जरूर पाहावीत. एखाद्या प्रमेयाची सिद्धता कशी मांडावी हे तेथे फार छान कळते. काही अभ्यासक्रमांचा लिखित मजकूर मराठीतही मिळतो. शिवाय स्थानिक केंद्र म्हणून नोंदलेल्या महाविद्यालयांत मार्गदर्शक शिक्षक नेमायची पद्धत त्यांनी ठेवली आहे, हे शहाणपणाचे आहे. पण प्राध्यापकाच्या तयारीचे साहित्य विद्यार्थ्याला जसेच्या तसे धाडायचे, ही जी रीत पडली तिथे गाडे अडते. एडएक्स या संस्थेच्या अभ्यासक्रमांतील चित्रफिती मुले किती वेळ पाहतात, याचा एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. चार अभ्यासक्रम आणि ६९ लाख वेळा पाहिलेल्या चित्रफिती, एवढी सामग्री त्यात होती. चित्रफीत कितीही लांब असली तरी मुलांचे लक्ष साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही, असे त्यात दिसले. आपल्याकडे मात्र वर्गातला तास जसाच्या तसा चित्रित करून चढवण्याची खोड अजून जात नाही.

पैशाचा हिशेबही करून पाहावा. चित्रफीत सेकंदाला एक मेगाबिट वेगाने येत असेल तर तासाला सुमारे ४५० मेगाबाइट खर्च होतात. रोज दीड गिगाबाइट मिळणाऱ्या मोबाइलवर तीन व्याख्याने पाहिली की दिवसाचा कोटा जवळजवळ संपला. त्याच मोबाइलवर धाकट्या बहिणीची शाळाही भरत असेल तर ती कोठे जाणार? स्वयम् प्रभा या दूरचित्रवाणी वाहिन्यांनी या अडचणीवर उत्तर शोधले. रोज चार तासांचा नवा कार्यक्रम आणि दिवसभरात त्याचीच पुनःप्रक्षेपणे, म्हणजे ज्याला जी वेळ सोयीची ती त्याने घ्यावी. डेटा लागत नाही, ही मोठी गोष्ट. पण संवादाच्या दृष्टीने आपण पुन्हा १९८४ मध्येच येऊन पोहोचतो.

याहून खटकणारी गोष्ट म्हणजे शिक्षकांनाही याच साच्यातून शिकवले गेले. २०१८ मध्ये अर्पित नावाचा उजळणी कार्यक्रम स्वयम्‌वर सुरू झाला. चाळीस तासांचा अभ्यासक्रम, त्यातले वीस तास चित्रफितींचे, शेवटी परीक्षा, आणि उत्तीर्ण झाल्यास पदोन्नतीसाठी एका उजळणी वर्गाइतकी मान्यता. आडगावच्या प्राध्यापकाला रजा न काढता उजळणी करता आली, हा लाभ खराच. पण दुरून कसे शिकवावे हे ज्याने शिकायचे, त्याला आपण वीस तास ऐकत बसवले! पोहण्याचा वर्ग काठावर घ्यावा तसे झाले.

मुंबईच्या आयआयटीत या प्रश्नावर वेगळा विचार झालेला आहे, आणि मराठी शिक्षकांनी त्याची जास्त दखल घ्यायला हवी होती असे मला वाटते. प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने दहा हजार शिक्षकांशी संवाद साधण्याचा जो उपक्रम झाला, त्यात मुख्य व्याख्यान मुंबईहून होत असे. पण शिक्षक आपापल्या भागातल्या केंद्रात एकत्र जमत, तेथे स्थानिक समन्वयक असे, आणि प्रात्यक्षिक तिथल्या तिथे होई. व्याख्यान दुरून आणि हात जवळून, अशी ही विभागणी होती. पुढे त्याच संस्थेतील सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑनलाइन अभ्यासक्रमाचा एक आराखडा तयार केला. त्यात चित्रफितीत मुद्दाम थांबे असतात. शिक्षक प्रश्न विचारतो, ‘आता चित्रफीत थांबवा आणि उत्तर वहीत लिहा’ असे सांगतो आणि मगच पुढे जातो. गोष्ट अगदी साधी. चांगला शाळामास्तर फळ्याकडे पाठ करून हेच करतो. पण ती चित्रफितीत आणण्यासाठी आधी आपला विद्यार्थी कोठे अडखळेल याचा विचार करावा लागतो, आणि व्याख्यान चित्रित करण्यापेक्षा हे काम कितीतरी अवघड आहे.

स्पोकन ट्यूटोरियल हा तिथलाच दुसरा उपक्रम, प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखालचा. संगणकाचे एकेक कौशल्य साधारण दहा मिनिटांच्या पाठात, आणि तोच पाठ मराठीतही. पडद्याच्या एका बाजूला पाठ चालू ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करायचे, ही त्यांची शिस्त. दिसायला अगदी साधे साधन आहे. पण पाठ संपतो तेव्हा विद्यार्थ्याच्या हातून काही तरी झालेले असते.

आता प्रयोगांकडे वळू. विज्ञानाच्या शिक्षकाचे खरे दुखणे येथेच आहे. व्याख्यान दुरून देता येते. प्रयोगशाळा दुरून कशी द्यायची?

व्हर्च्युअल लॅब्ज हे केंद्र सरकारच्या माहिती-संप्रेषण अभियानातून उभे राहिलेले काम. त्यात आयआयटींबरोबर अमृता विद्यापीठ आणि पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालयही सहभागी झाले. प्रत्येक प्रयोगाला उद्देश, सिद्धांत, पूर्वचाचणी, कृती, सिम्युलेशन, उत्तरचाचणी अशी पाने आहेत. मांडणी प्रयोगवहीसारखी असल्यामुळे आपल्या प्राध्यापकांना ती लगेच जवळची वाटते. त्यातला धोकाही तोच. आपल्या प्रयोगवह्यांतली कृती म्हणजे पाककृती असते : हे दाबा, ते वाचा, सूत्रात घाला. सिम्युलेशनमध्ये तर कांदाही जळत नाही. जेथे सूत्राने काढलेली किंमतच रीडिंग म्हणून पडद्यावर उमटते, तेथे विद्यार्थी सूत्र सूत्रावरच पडताळून पाहतो आणि ते बरोबर निघाले म्हणून समाधान मानतो.

साध्या लंबकाचे उदाहरण घेऊ, कारण तो शाळेतही आहे आणि महाविद्यालयातही. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट या संचात, जो नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला, लंबकाचे एक सुरेख सिम्युलेशन आहे. लांबी बदला, वस्तुमान बदला, घर्षण वाढवा, चंद्रावर जा, गुरूवर जा. शिवाय ‘एक्स’ नावाचा एक अनोळखी ग्रह दिलेला आहे. त्याचे गुरुत्वीय त्वरण सांगितलेले नाही. लंबक हलवून ते तुम्ही शोधायचे. हा एक ग्रह घालण्यात रचनाकारांची शिक्षणदृष्टी दिसते, कारण उत्तर आधी माहीत नसले की मापनाला अर्थ येतो. संचातली सिम्युलेशने मराठीतही मिळतात, लहानशा फाइलमध्ये उतरवून घेता येतात आणि मग इंटरनेटशिवाय चालतात. सोयगावच्या मुलाच्या दृष्टीने यातला शेवटचा गुण सर्वांत मोठा.

पण एक प्रश्न विचारू. सिम्युलेशनमधल्या पृथ्वीवर गुरुत्वीय त्वरण ९.८१ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. ही पृथ्वी कोठली? ९.८१ हा आकडा पॅरिस-लंडनच्या अक्षांशाचा आहे. छत्रपती संभाजीनगर १९.९ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून पावणेसहाशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. विषुववृत्ताकडे आले आणि उंच चढले की त्वरण कमी होते. नेहमीच्या सूत्रांत हे दोन्ही घातले की येथले मूल्य सुमारे ९.७८५ येते. एक मीटर लांबीच्या लंबकाचा दोलनकाल ९.८१ ला २.००६१ सेकंद येतो, ९.७८५ ला २.००८६ सेकंद. फरक अडीच हजारांश सेकंद. वीस दोलने मोजली तर एकूण फरक सेकंदाचा विसावा भाग, आणि स्टॉपवॉच दाबणाऱ्या अंगठ्याची चूक त्याहून मोठी. शंभर दोलने मोजली तर फरक पाव सेकंदाचा होतो, म्हणजे काळजीपूर्वक मोजणाऱ्याच्या आवाक्यात येऊ लागतो. तेवढ्यात दुसरी अडचण उभी राहते. लंबक दहा अंशांपर्यंत ओढून सोडला, तर निव्वळ कोनामुळे दोलनकाल हजारी दोन भागांनी वाढतो, म्हणजे सुमारे चार हजारांश सेकंदांनी. आपण जो फरक शोधत आहोत त्यापेक्षा हा जास्त! मग कोन तीन-चार अंशांवर आणायला हवा. पण तेवढ्या लहान कोनात सोडलेला लंबक शंभर दोलनांपर्यंत नीट दिसत राहील का?

ही जी ओढाताण आहे, एक चूक कमी करायला जावे तर दुसरी वाढते, तिलाच प्रयोग म्हणतात. सिम्युलेशनमध्ये ती बहुतेक नाहीशी होते. म्हणून सिम्युलेशन वाईट असे मी म्हणणार नाही. कल्पना समजायला ते फळ्यापेक्षा शंभर पट चांगले. पण ते प्रयोगाच्या जागी बसवून त्याचे गुण प्रात्यक्षिक परीक्षेत धरले, तर पदवीधर होणारा मुलगा त्रुटी म्हणजे काय हे न भेटताच बाहेर पडेल. उद्या तोच शाळेत शिक्षक होऊन येणार आहे.

२०१६ मध्ये जर्मनीच्या आखेन येथील तंत्रविद्यापीठाने काढलेले फायफॉक्स हे ॲप या बाबतीत मला सर्वांत मोलाचे वाटते, आणि आपल्याकडच्या याद्यांत ते क्वचितच दिसते. मोबाइलमध्ये जे संवेदक मुळातच असतात, त्यांची रीडिंग हे ॲप दाखवते. ती रीडिंग खरी असतात, म्हणजे खडबडीत असतात. लंबकाच्या प्रयोगाला त्यात जायरोस्कोप लागतो आणि तो स्वस्त मोबाइलमध्ये बहुधा नसतो, हा दोष आहे. पण आवाजाने सुरू होणारे आणि आवाजानेच थांबणारे घड्याळ कोणत्याही मायक्रोफोनवर चालते. दोन मोबाइल दहा मीटरवर ठेवायचे. एका टोकाला टाळी वाजवली की दोन्ही घड्याळे सुरू. मग दुसऱ्या टोकाला टाळी वाजवली की दोन्ही बंद. दोन घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाला वीस मीटर जायला लागलेला वेळ. तीस अंश सेल्सियसला तो सुमारे ५७ हजारांश सेकंद यायला हवा. येतो का? वारा असला, अंगणात भिंत असली, टाळी मोबाइलपासून हातभर दूर वाजली, तर काय होते? अंगण, बहीण आणि दोन मोबाइल एवढ्यावर ध्वनीचा वेग मोजता येतो.

साधनांच्या आयुष्याबद्दलही एक शब्द. सिम्युलेशनांच्या पहिल्या पिढीतली बरीचशी फ्लॅश आणि जावा या तंत्रांवर चालत. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, ऐन महामारीत, जेव्हा त्यांची सर्वांत जास्त गरज होती. फेट आणि व्हर्च्युअल लॅब्ज यांनी आपले पुष्कळ काम नव्या तंत्रात आणून ठेवले. ज्यांच्याकडे तेवढे मनुष्यबळ नव्हते त्यांची पाने उघडतात, पण मधला चौकोन कोरा दिसतो. छापलेले पुस्तक वाळवी लागली तरी अर्धे वाचता येते. म्हणून आपला अभ्यासक्रम एखाद्या साधनावर बांधण्याआधी ते उतरवून जवळ ठेवता येते का, एवढे जरूर पाहावे.

भाषेचा मुद्दा लांबवत नाही. मराठी विश्वकोश इंटरनेटवर खुला आहे आणि पदवीच्या पहिल्या वर्षासाठी त्यातल्या कित्येक नोंदी भाषांतरित व्याख्यानांपेक्षा सुबोध आहेत. तरी तो दूरशिक्षणाच्या याद्यांत नसतो, कारण त्यात हलणारे चित्र नाही.

राहिला दुसरा प्रश्न, विद्यार्थ्याच्या डोक्यात काय चालले आहे हा. येथे राष्ट्रीय साधने जवळजवळ मुकी आहेत. स्वयंचाचणीचे गुण कळतात, पण चूक का झाली ते कळत नाही. १९९२ मध्ये हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी बलाच्या संकल्पनेवर एक प्रश्नसंच प्रसिद्ध केला. त्यातले चुकीचे पर्याय मुलांच्या नेहमीच्या गैरसमजांतून उचललेले आहेत, त्यामुळे निवडलेला चुकीचा पर्यायच शिक्षकाला सांगतो की गाठ कोठे बसली आहे. असा प्रश्न व्याख्यानाआधी मोबाइलवर पाठवायला काही किलोबाइट पुरतात. आपल्या विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातल्या प्रत्येक घटकाला असे पाच-पाच मराठी प्रश्न कोणी तयार केले, तर वीस तासांच्या चित्रफितीपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. हे काम दिल्लीहून होणार नाही. कोणता गैरसमज कोणत्या मराठी शब्दामुळे होतो, हे येथल्या शिक्षकालाच माहीत असते. ‘वजन’ आणि ‘वस्तुमान’ यांचा घोळ बाजारातल्या तराजूपासून सुरू होतो.

आणि लंबकाचे काय करायचे? साठ मुलांचा वर्ग असेल तर साठ घरांत दोरा आहे, दगड आहे, मोबाइलचे घड्याळ आहे. दगडाचा मध्य कोठे धरायचा, म्हणजे लंबकाची लांबी किती, ही पहिलीच शंका येईल. तिचे उत्तर लगेच देऊ नये. दोन दिवस मुलांना भांडू द्यावे. मग सुचवावे की एकाच दगडाला आधी लांब दोरा ठेवून मोजा, नंतर बरोबर पन्नास सेंटिमीटर आखूड करून मोजा, आणि दोन्ही दोलनकालांच्या वर्गांची वजाबाकी करा. वजाबाकीत दगडाचा मध्य कोठेही असला तरी निघून जातो, आणि येथल्या त्वरणाला उत्तर २.०२ च्या आसपास यायला हवे. साठ उत्तरे एका सामायिक तक्त्यात भरावीत. तक्त्यात उत्तरासाठी एक रकाना, किती दोलने मोजली त्यासाठी एक, आणि तिसरा रकाना मोकळा ठेवावा : मोजताना काय गडबड झाली?